गुडघे वाचवायचे म्हणून घर विकायचं का?

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या एक ताई आहेत, वय ५६. मिस्टर मागच्या वर्षी रिटायर झाले. राहायला दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. दोन वर्षांपासून गुडघे दुखून राहिले, उजवा जास्त, आणि जिना उतरताना कटकट वाजतो. एक्सरे काढला तेव्हा "गॅप कमी झाला, गादी घासली" असं सांगितलं गेलं, आणि जिना, मांडी घालणं, खाली बसणं सगळं बंद करायला सांगितलं. आठ महिने झाले, ताई आठवड्यातून जेमतेम एकदा खाली उतरतात. भाजीवाला आला की बाल्कनीतून दोरीनं पिशवी सोडतात. सकाळचं फिरणं सुटलं, गुरुवारचं भजनी मंडळ सुटलं, वजन सहा किलोनं वाढलं, आणि दुखणं आहे तिथंच आहे. शेजारच्या काकूंनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. मिस्टर म्हणतात फ्लॅट विकू आणि तळमजल्यावर जाऊ, ब्रोकरशी बोलणंही झालंय. ताईंचा प्रश्न: "जितके जिने चढीन तितकी गादी घासणार, मग आत्ताच घर बदललेलं बरं ना? की सरळ ऑपरेशनच करून टाकू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या दोरीच्या पिशवीपाशी थांबले. वय ५६ म्हणजे काहीच नाही हो, आणि तुम्ही आठ महिने बाल्कनीतून जग बघून राहिल्या. तेही आळसानं नाही, सांगितलेलं अगदी मनापासून पाळून. म्हणून आधी हे सांगते की तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला जे सांगितलं तेच अर्धवट होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं नागपुरात हेच काम करते, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा पेशंटला हेच सांगायची, जिना बंद, मांडी बंद, नी कॅप लावा आणि आराम करा. महाल भागातल्या एक आजी होत्या, त्यांनी माझं तीन वर्षं तंतोतंत ऐकलं. तीन वर्षांनी त्या परत आल्या तेव्हा नी कॅप काढून पाहिलं तर मांडी इतकी बारीक झालेली की कॅप ढिली होऊन खाली घसरत होती, आणि गुडघा आधीपेक्षा जास्त दुखत होता. ती मांडी मी अजून विसरलेली नाही. त्यानंतर हा विषय मी नव्यानं शिकले, आणि तुम्हाला जे सांगणार आहे ते त्यातूनच आलंय.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे ज्यावर बाकी सगळं उभं आहे, ते म्हणजे "जितके जिने चढीन तितकी गादी घासणार". हे वाक्य चपलेच्या सोलसाठी बरोबर आहे, स्कूटरच्या ब्रेकसाठी बरोबर आहे, गुडघ्यासाठी नाही. सोल मेलेली वस्तू आहे, तिला कोणी खाऊ घालत नाही. गुडघ्यातली गादी जिवंत आहे, आणि तिचं जेवण कुठून येतं हे कळलं की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या घरी मटण होत असेल तर नळीचं टोक पाहिलं असेलच (शाकाहारी असाल तर माफ करा, पण याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही). शिजवायच्या आधीचं कच्चं टोक बघा, हाडावर पांढरं, किंचित निळसर, चकचकीत टोपण बसवल्यासारखं असतं, बोट फिरवलं तर सटकतं. शिजल्यावर त्यालाच आपण चबनी म्हणतो. तीच ही गादी, पुस्तकातलं नाव कूर्चा. तुमच्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर, नडगीच्या हाडाच्या डोक्यावर आणि वाटीच्या मागच्या बाजूला हीच गादी असते, जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे अजून जास्त, कारण शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा तिथंच असते. तिच्या वजनाचा बहुतेक भाग पाणीच, ७० टक्क्यांच्या आसपास. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्यात रक्तवाहिनी नाही, एकही नाही.

मग तिचं पोट कसं भरतं? सांध्याभोवती एक पिशवी असते, तिच्या आतलं अस्तर एक घट्टसर, चिकट पाणी सोडतं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. चांगल्या गुडघ्यात ते किती असतं तर चमचाभरही नाही, दोन-चार मिली फक्त. लोक त्यालाच वंगण म्हणतात, आणि ते वंगण आहेच, पण ते गादीचं अन्नही आहे. तुम्ही पाऊल टाकलं की गादी दाबली जाते, आतलं पाणी बाहेर येतं, पाय उचलला की ती फुगते आणि ताजं पाणी ओढून घेते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडतो ना, अगदी तसं. म्हणजे प्रत्येक पाऊल हा गादीचा एक घास आहे, आणि तुम्ही आठ महिने तिचे घास कमी केलेत. प्लास्टरमध्ये किंवा अंथरुणावर पाय दीर्घकाळ अडकून पडला तर चांगल्या माणसाचीही गादी पातळ होते, हे एमआरआयवर मोजून पाहिलेलं आहे. उलट हौसेनं पळणाऱ्या लोकांत गुडघ्याचा संधिवात बसून राहणाऱ्यांपेक्षा कमी दिसतो, जास्त नाही.

आता खोटी आशा दाखवत नाही. जी गादी झिजली ती चालून परत उगवणार नाही, तशी उगवणारी गोळी, तेल, काढा अजून कोणाकडे नाही. त्या भेंडीच्या पाण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, तर भेंडीचा चिकटपणा आतड्यातच राहतो, गुडघ्यापर्यंत पोचायला त्याला वाटच नाही. भेंडी खा, भाजी छान असते. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांचंही तसंच, २०१९ साली अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं गुडघ्यासाठी ते घेऊ नका असं स्पष्ट म्हटलंय, आणि त्याच कागदात व्यायाम आणि वजन कमी करणं या दोन गोष्टींची सगळ्यात ठाम शिफारस आहे.

तुम्ही म्हणाल गादी झिजलीय म्हणून तर दुखतंय, मग चालू कशी? इथं दुसरी गोष्ट. गादीत रक्तवाहिनी नाही तशी नसही नाही, म्हणजे गादीला स्वतःला दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, ते अस्तर, सांधा बांधून ठेवणाऱ्या आजूबाजूच्या दोऱ्या आणि स्नायू. म्हणूनच एक्सरे आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. एक्सरेमध्ये गादी दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट, जिला सगळे गॅप म्हणतात. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांचा गॅप जवळजवळ संपलेला आणि ते अंबाझरी तलावावर रोज चार-चार किलोमीटर फिरतात, आणि असेही येतात ज्यांचा एक्सरे सुंदर आणि जिना चढवत नाही. एक्सरे हा तुमच्या गुडघ्याचा फोटो आहे, त्याचं भविष्य नाही. आणि ताकद त्या फोटोत येतच नाही.

ताकद म्हणजे कसली, तर मांडीच्या पुढच्या स्नायूची. गुडघ्याची वाटी काहून दिलीय माहीत आहे का? ती विहिरीवरच्या रहाटासारखी आहे, मांडीचा स्नायू तिच्यावरून वळून नडगीला ओढतो, वाटीमुळे त्याला कमी जोरात जास्त काम होतं. सपाट चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त, आणि उतरताना तो मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो, शरीर सावकाश खाली सोडतो. स्नायू थकलेला असला की ब्रेक लागत नाही, शरीर प्रत्येक पायरीवर धपकन पडतं आणि तो दणका सगळा वाटीच्या मागे जातो. तुम्ही लिहिलंय ना की चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतं, कठडा धरून आडवं उतरावं लागतं? ते वाचूनच मला तुमच्या मांडीबद्दल शंका आली. आठ महिन्यांच्या आरामात गादी वाचली नाही, पण मांडी मात्र गेली.

आणि ती कटकट. तिला इतकं घाबरू नका. सांध्यातल्या पाण्यात गॅस विरघळलेला असतो, दाब बदलला की त्याचा बुडबुडा होतो आणि आवाज येतो, बोटं मोडतो तेव्हा तेच होतं. कधी एखादी दोरी हाडाच्या उंचवट्यावरून सरकते त्याचाही आवाज येतो. अमेरिकेतले एक डॉक्टर, डोनाल्ड उंगर, यांनी साठ वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली, दुसऱ्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात तपासले तर संधिवात कुठल्याच हातात नव्हता. आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल तर नुसत्या आवाजाला मी किंमत देत नाही. तुमच्या उजव्या गुडघ्यात आवाजाबरोबर थोडं दुखतं असं लिहिलंय, ते वाटीचंच असावं, पण कोणी तरी हात लावून तपासलं पाहिजे, पत्रावरून मी एवढंच म्हणू शकते.

आता वजनाचं. सहा किलो वाढलं म्हणून तुम्हाला रागावणार नाही, पण हिशेब सांगते. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. म्हणजे वाढलेल्या सहा किलोंनी दर पावलाला चोवीस किलो जास्त टाकून राहिले. हे उलट्या दिशेनंही तितकंच खरं आहे, दोन किलो उतरले तरी गुडघ्याला लगेच कळतं. चहातली साखर आणि रात्रीचा भात इथून सुरू करा, उपास नको.

करायचं काय ते सांगते, आणि जे कोणी असेच गुडघे घेऊन हे वाचून राहिले त्यांच्यासाठीही हेच. पलंगावर पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू दगडासारखा कडक व्हायला पाहिजे, नाही झाला तर दाब कमी पडतोय. दुसरं, जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवा आणि हात न लावता उठा-बसा करा, बसताना सावकाश, तीन आकडे मोजत, कारण ब्रेकची प्रॅक्टिस त्यातच आहे. सुरुवातीला खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा, आठ वेळा जमलं तरी पुरे. हे एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांनी तुमच्या दारासमोरची पहिली पायरी, एकच, कठडा धरून वर-खाली दहा वेळा. दुखण्याला दहापैकी मार्क दिले तर तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. बारा आठवडे द्या. सहा आठवड्यांच्या आधी फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे खूप पाहिले मी, आणि स्नायूला तेवढा वेळ लागतोच लागतो.

जिना आजपासून सुरू, पण शिस्तीत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, म्हणजे तुमचा डावा वर नेतो आणि उजवा खाली उतरतो. एका पायरीवर दोन्ही पाय आणले तरी चालतं. काठी घ्यायची असेल तर ती चांगल्या बाजूच्या हातात, म्हणजे तुमच्या डाव्या हातात, बहुतेक लोक दुखऱ्या बाजूला धरतात आणि मग तिचा उपयोग होत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकदा खाली-वर, मग दोनदा. फिरणं दहा मिनिटांपासून सुरू करा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी साडेपाचलाच, नाही तर घरातल्या घरात हॉल ते बेडरूम, ऊन अंगावर घेऊन गुडघे सुधारत नाहीत. फार दुखलेल्या दिवशी वरून लावायचं दुखण्याचं जेल चालतं. पोटात घ्यायच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो.

खाली बसण्याचं काय? त्याला मी कायमचं बंद म्हणत नाही. चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी पुरतो, जिना उतरायला ९० च्या आसपास, उकिडवं बसायला मात्र १३० च्या वर. एवढा वाकवून त्यावर वजन टाकणं सध्या तुमच्या मांडीला झेपणार नाही, म्हणून तीन महिने नको. नंतर पाटावर, मग उंची कमी करत. आणि भजनाला खुर्चीवर बसायची लाज वाटते म्हणून तुम्ही मंडळच सोडलं, हे मात्र मला फार लागलं. ताई, टाळ हातानं वाजवतात. एक खुर्ची भिंतीपाशी ठेवा, पुढच्या महिन्यात बघाल, अजून दोघी तुमच्या शेजारी खुर्ची ओढतील, कारण गुडघे दुखणाऱ्या तुम्ही एकट्याच नसणार.

ऑपरेशनबद्दल. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन चांगलं आहे, ज्याला गरज आहे त्याचं आयुष्य बदलतं, बहुतेक कृत्रिम गुडघे वीस वर्षांच्या पुढे टिकतात, आणि २०१७ पासून सरकारनं इम्प्लांटच्या किमतीला मर्यादाही घातलीय. पण ते कोणासाठी? ज्याला रात्री झोप लागत नाही, जो घरातल्या घरातही लंगडतो, ज्याचा पाय वाकडा झालाय, आणि ज्यानं व्यायाम आणि वजन दोन्ही मनापासून करून पाहिलंय. शेजारच्या काकू त्यातल्या असतील, तुम्ही पत्रावरून तरी नाही वाटत. आणि कोणी "दुर्बिणीनं आतून साफ करून देतो" म्हणालं तर थांबा. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० लोकांवर याची परीक्षा झाली, काहींना खरी दुर्बिणीची सफाई, काहींना फक्त वरून कातडीला चिरा देऊन टाके, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. झिजलेल्या गुडघ्यासाठी तो खर्च करू नका.

आता घर. मिस्टरांच्या प्रेमापोटी हा विचार आलाय हे दिसतंय मला, स्वतःचं घर विकायला निघालेत तुमच्या गुडघ्यासाठी, ही काही छोटी गोष्ट नाही. पण तळमजला गुडघ्याचं औषध नाही. सध्या तो जिना हाच तुमचा उरलेला एकमेव व्यायाम आहे, तोही गेला तर मांडी अजून बारीक होईल. लोक तळमजल्यावर जातात आणि मग दारातल्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत, असं मी पाहिलंय. त्याच वेळी हेही खरं की लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये सत्तर-पंच्याहत्तरीला अडचण येऊ शकते, कधी स्ट्रेचर न्यावं लागलं तर काय, मुलं कुठं स्थायिक होतील, मेंटेनन्स किती, हे प्रश्न आहेतच, त्यासाठी घर बदलायचं ठरवलं तर खुशाल बदला. पण ते शांतपणे, या वर्षीच्या दुखण्याच्या घाईत नाही, घाईत विकलेल्या घराला भावही येत नाही. बारा आठवडे करा, मग दोघं मिळून परत बोला. अगदीच राहवत नसेल तर आधी तळमजल्यावर भाड्यानं सहा महिने राहून बघा, आपला फ्लॅट हातचा घालवू नका.

बाकीच्यांसाठी थोडं, कारण प्रत्येक सांधेदुखी झिजेची नसते आणि वरचं सगळं सगळ्यांना लागू नाही. एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, सोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, वाट बघायची नाही. सकाळी उठल्यावर बोटं-मनगटं तासभर आखडतात आणि दोन्ही हातांना सारखंच होतं, तो वेगळा वात आहे, त्याला लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, त्यात घरचे उपाय करत बसू नका. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे चिकनगुन्यानं किती घरं आडवी केली ते आठवत असेल, त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने राहू शकते, त्या रोगाचं नावच टांझानियातल्या माकोंडे भाषेतलं आहे आणि अर्थ आहे वाकवून टाकणारा. आणि विदर्भातल्या तरुण मुलांबद्दल एक खास: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात खूप आहे, त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाची मांडी किंवा खुबा दुखत असेल तर "लचकला असेल" म्हणून सोडू नका, खुब्याचा फोटो काढा. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, तिन्हीकडे हाडांची ओपीडी आहे.

ताई, तुम्हीही एकदा तपासून घ्या, आणि एक्सरे परत काढायचा झाला तर उभं राहून काढा, झोपून काढलेल्यात गॅप नीट कळत नाही. ब्रोकरला दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगा. आणि उद्या भाजीवाला आला की चप्पल घाला, कठडा धरा आणि सावकाश खाली उतरा, संभार (कोथिंबीर) स्वतः हातानं निवडून घ्या. पिशवी मात्र दोरीनंच वर जाऊ द्या, मिस्टरांना म्हणा वरून ओढा.